ॲक्सोलॉटल पाळताय? खायला काय द्यायचं, रंग कसा ओळखायचा: बडोद्यासारख्या तापणाऱ्या शहरासाठी संपूर्ण माहिती

‘माइनक्राफ्ट’ या गेममध्ये २०२१ साली ॲक्सोलॉटल आला आणि मुलांच्या हट्टांच्या यादीत एका नव्या प्राण्याची भर पडली. मांजर नको, पोपट नको, ‘तो हसऱ्या तोंडाचा गुलाबी मासा’ हवा. नंदुरबार, नवापूर, तळोदा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांचं सुरत-बडोद्याशी कायमचं येणं-जाणं आहे. बडोद्यात तर गायकवाडांच्या काळापासून मराठी कुटुंबं स्थायिक आहेत. त्यामुळे ही माहिती बडोदा शहर डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. पण एप्रिल-मे महिन्यातला पारा आपल्याकडेही तसाच चढतो, तेव्हा ती इकडेही तितकीच लागू आहे.

थोडक्यात सांगायचं तर

- ॲक्सोलॉटलचा मूळ रंग जन्मानं ठरतो. खाणं बदलून तो बदलत नाही.
- पण त्या रंगात अचानक झालेला बदल पाणी, उष्णता किंवा पोट बिघडल्याची पहिली खूण असू शकतो.
- मुख्य खाणं गांडूळ. मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीन वेळाच.
- पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस हवं. बडोद्याच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे जमत नाही.
- भारतात हा प्राणी ठेवायचा तर वन विभागाकडे नोंदणी करावी लागते.

हा मासा नाही

दुकानात याला ‘वॉकिंग फिश’ म्हणून विकतात. प्रत्यक्षात तो बेडकासारखा उभयचर आहे, सॅलमँडर गटातला. मूळचा मेक्सिको शहराजवळच्या झोचिमिल्को भागातल्या तळ्या-कालव्यांचा. बेडकाचं पिल्लू शेपूट आणि कल्ले टाकून जमिनीवर येतं. ॲक्सोलॉटल मात्र साधारणपणे मोठा झाला तरी पिल्लासारखाच राहतो. डोक्यामागचे पिसासारखे कल्ले तसेच, आणि सगळं आयुष्य पाण्यात. लांबी २० ते ३० सेंटिमीटर भरते आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. म्हणजे आज तिसरीत असलेल्या मुलासाठी घेतला, तर ते पोरगं कॉलेजात जाईपर्यंत त्याची जबाबदारी घरावर.

तुटलेला पाय, शेपूट, कल्ले तो पुन्हा उगवतो. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर अभ्यास चालतो. त्याचा जनुकसंच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो माणसाच्या जवळपास दहापट मोठा निघाला. या विषयाशी बडोद्याचा संबंधही जुना आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात घरातल्या पालीची तुटलेली शेपटी पुन्हा कशी येते, यावर अनेक दशकं संशोधन झालं आहे.

पाळीव ॲक्सोलॉटल जगात लाखो असतील, पण मूळ ठिकाणी तो संपत चाललाय. झोचिमिल्कोत १९९८ साली एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० प्राणी मोजले होते, २०१४ च्या पाहणीत ते ३६ वर आले. म्हणूनच त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत.

घेण्याआधी कायदा बघा

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापाराबद्दल ‘साइट्स’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्या करारातले परदेशी प्राणी या दुरुस्तीनं कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणले. ॲक्सोलॉटल त्यात येतो. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं नोंदणीचे नियम काढले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. नव्यानं घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत ‘परिवेश’ पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा असतो. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी तेही कळवावं लागतं.

विकणाऱ्याकडून पावती आणि प्राणी कुठून आला त्याची कागदपत्रं मागा. ‘कागद-बिगद काही लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. अंधारात हिरवे चमकणारे ॲक्सोलॉटल विकणाऱ्यांबाबत तर जास्तच जपून. ते जनुकीय बदल केलेले असतात, आणि अशा जिवांसाठी भारतात वेगळ्या परवानगीचे नियम आहेत.

रंगाचे प्रकार कोणते?

त्याच्या कातडीत तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. काळ्या-तपकिरी, पिवळ्या आणि चमक देणाऱ्या. यातलं काय आहे, काय नाही, यावर प्राण्याचा रंग ठरतो.

- रानटी रंग: गडद हिरवट-तपकिरी अंग, त्यावर सोनेरी ठिपके. डोळ्याभोवती चमकदार कडं. तळ्यातला मूळ रंग हाच.
- ल्युसिस्टिक: पांढरट-गुलाबी अंग, लाल कल्ले, पण डोळे काळे. गेममुळे मुलांना ठाऊक असलेला तो हाच. यात रंगपेशी पाठीवरून अंगभर पसरत नाहीत, म्हणून कातडी फिकी राहते.
- पांढरा अल्बिनो: अंग पांढरं आणि डोळे लालसर. ल्युसिस्टिक आणि अल्बिनो यातला फरक डोळ्यांवरूनच कळतो.
- गोल्डन अल्बिनो: पिवळा-सोनेरी, अंगावर चमकदार ठिपके. याचेही डोळे फिके.
- मेलॅनॉइड: एकसारखा काळपट. चमकणारे ठिपके नाहीत, डोळ्याभोवती कडं नाही. रानटी रंगाचा आणि हा लांबून सारखेच दिसतात, कड्यावरून ओळखायचे.
- कॉपर: फिकट तांबूस-तपकिरी, डोळ्यांत लालसर झाक.

आणि निळा? गेममध्ये निळा ॲक्सोलॉटल १,२०० पिल्लांमागे सरासरी एखादा निघतो. घरात पाळल्या जाणाऱ्यांत खरा निळा नसतोच. दुकानात ‘ब्लू’ म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा करडा किंवा मेलॅनॉइड असतो, वर निळ्या बल्बचा उजेड. साध्या दिवसाच्या उजेडात दाखवा म्हणावं.

यातला पांढरा रंग काही आजकालचा नाही. १८६३ साली एका फ्रेंच मोहिमेतून ३४ ॲक्सोलॉटल मेक्सिकोहून पॅरिसला पाठवले गेले. त्यातले सहा ऑगस्ट ड्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले: पाच नर, एक मादी. एक नर पांढरा होता. आजच्या प्रयोगशाळांतल्या आणि घरांतल्या प्राण्यांची वंशावळ बऱ्याच अंशी या सहांपर्यंत जाते. अल्बिनो मात्र नंतरचा. १९६२ साली अमेरिकेत टायगर सॅलमँडरशी संकर करून तो गुण ॲक्सोलॉटलमध्ये आणला गेला.

रंग आपोआप किती बदलतो?

थोडा बदलतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढच्या गोष्टी नेहमीच्या समजा.

- गडद तळाच्या टाकीत गडद प्राणी आणखी गडद दिसतो, पांढऱ्या तळावर एक-दोन छटा उजळतो.
- ल्युसिस्टिक पिल्लाच्या डोक्यावर-पाठीवर वाढत्या वयात काळे ठिपके उमटतात. हा मळ नाही, घासायला जाऊ नका.
- वयात आल्यावर फिकट रंगाच्या काही प्राण्यांच्या बोटांची टोकं काळपट होतात.
- जेवताना, पोहताना कल्ले लालबुंद होतात आणि निवांत बसल्यावर फिके पडतात. रक्त वाढलं की रंग भरतो, इतकंच.
- पिल्लाचं पोट पारदर्शक असतं. आर्टेमिया खाल्लं की नारिंगी दिसतं, गांडूळ खाल्लं की काळपट. तो रंग कातडीचा नाही, आतल्या खाण्याचा.

सालमन किंवा कोळंबीयुक्त गोळ्यांतल्या रंगद्रव्यानं फिकट प्राण्यावर किंचित पीच झाक येऊ शकते. याहून जास्त काही होत नाही. ‘कलर एन्हान्सर’ लिहिलेला माशांचा डबा त्याच्यासाठी घेऊ नका, पैसे वाया.

खायला काय द्यायचं?

ॲक्सोलॉटल पक्का मांसाहारी. पोळी, भात, पनीर, भाजी काही चालत नाही. शाकाहारी घरात हे आधीच ठरवून घ्या, कारण रोज-दोन रोजाला कोणाला तरी गांडूळ हातात धरावं लागणार. त्याचे दात नावापुरते असतात. तोंड झटकन उघडून तो पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि न चावता गिळतो. म्हणून घास केवढा याला फार महत्त्व आहे. घासाची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको.

*गांडूळ* हे सगळ्यात चांगलं अन्न. प्रथिनं भरपूर, मऊ, पचायला सोपं. आपल्याकडे गांडूळखताचे बेड गावोगावी आहेत, तेव्हा मिळायला अडचण नाही. पण दोन गोष्टी बघा. खताच्या बेडमधली बारीक लाल, पट्टेदार गांडुळं डिवचली की कडवट पिवळा द्रव सोडतात, आणि बरेच ॲक्सोलॉटल ती थुंकून टाकतात. त्याऐवजी खतासाठीच पाळली जाणारी मोठी आफ्रिकन गांडुळं तुकडे करून द्या. दुसरं म्हणजे फवारणी झालेल्या शेतातली किंवा गटाराकाठची गांडुळं कधीच नकोत. आणलेली गांडुळं आठवडाभर ओल्या कोकोपीटमध्ये ठेवा, भाज्यांची सालं घाला, देताना क्लोरीन काढलेल्या पाण्यात धुवा.

*बुडणाऱ्या गोळ्या:* मांसाहारी माशांच्या, जास्त प्रथिनांच्या, मऊ होणाऱ्या. गांडूळ नसेल त्या दिवशी उपयोगी. तरंगणाऱ्या गोळ्या खाताना तो हवा गिळतो.

*ब्लडवर्म (फ्रोझन):* लहान पिल्लांना आणि अधूनमधून मोठ्यांना. एवढ्यावरच मोठा प्राणी नीट पोसत नाही.

*आर्टेमिया, डॅफ्निया:* नुकत्याच फुटलेल्या पिल्लांसाठी, जिवंतच. हलणारं दिसलं तरच ती तोंड घालतात.

किती आणि कधी?

- ७ सेंटिमीटरपर्यंतची पिल्लं: रोज, शक्यतो दोनदा.
- ७ ते १५ सेंटिमीटर: रोज एकदा.
- १५ ते १८ सेंटिमीटर: एक दिवसाआड.
- त्याहून मोठे: आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी एक मोठं गांडूळ किंवा तेवढेच तुकडे.

मोजमापाची सोपी युक्ती सांगतो. वरून बघा. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी असेल तर बरोबर. पोट डोक्यापेक्षा बरंच फुगलं असेल तर कमी करा, बारीक असेल तर वाढवा.

संध्याकाळी दिवे मंद झाले की द्या, तो तेव्हाच चपळ असतो. लांब, बोथट चिमट्यानं तोंडासमोर हलवा. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर काढून टाका, नाहीतर रात्रीतून पाणी खराब होतं. निरोगी मोठा प्राणी थंड पाण्यात आठवडाभर उपाशी राहिला तरी काही होत नाही. चार दिवस गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हातात डबा देऊन जाऊ नका. शेजारी मायेनं जास्तच घालतात.

हे देऊ नका

- जिवंत ट्युबिफेक्स: घाण पाण्यात वाढतात, सोबत रोग आणतात.
- गोल्डफिश, गप्पी वगैरे जिवंत मासे: परजीवी येतात. गोल्डफिशमध्ये ‘बी-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटकही असतो. शिवाय मासे त्याचे कल्ले कुरतडतात.
- चिकन, मटणाचे तुकडे: चरबी पचत नाही, पाणी लगेच नासतं.
- मीलवर्म: कवच कठीण.
- आयोडीनची औषधं किंवा जनावराच्या गळ्यातली ग्रंथी: ज्युलियन हक्सली या शास्त्रज्ञानं १९२० मध्ये ॲक्सोलॉटलना गुरांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे कल्ले गळून ते जमिनीवर राहणारे प्राणी झाले. घरी असा प्रयोग म्हणजे प्राण्याचं आयुष्य घटवणं.

टाकीत रंगीत खडेही नकोत. घासाबरोबर खडा पोटात जातो आणि आतडं अडतं. पिल्लांसाठी तळ रिकामा ठेवा. मोठ्यांसाठी बारीक चाळलेली, स्वच्छ धुतलेली रेती चालते.

खरी परीक्षा उन्हाळ्याची

खाणं आणि रंग, दोन्हीची गाडी शेवटी तापमानापाशी येऊन थांबते. झोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, पाणी बारमाही थंड. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, घरातल्या टाकीचं पाणीही ३० च्या पुढे सरकतं. २० अंशांपर्यंत तो निभावतो. २४ च्या वर पाणी राहिलं तर भूक मरते, बुरशी धरते, पोटातलं अन्न कुजून तो तरंगायला लागतो. कारण साधं आहे. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, शरीराची गरज मात्र वाढते.

- पंखा: पाण्यावर वारा सोडला की बाष्पीभवनानं दोन-चार अंश उतरतात. कोरड्या एप्रिल-मे महिन्यात हे जमतं, पावसाळ्याच्या दमट हवेत नाही.
- बर्फाची बाटली: गोठवलेली बंद बाटली फक्त वीज गेल्यावर. रोज केली तर पाणी दिवसातून दहादा गार-गरम होतं, तो ताण वेगळा.
- एसी: खोली २४ वर ठेवली तरी पाणी १८ वर येत नाही.
- चिलर: खरा उपाय हाच. चिलरचा खर्च आणि विजेचं बिल झेपणार नसेल, तर प्राणी न घेणं शहाणपणाचं.

एका प्राण्याला किमान ७५ ते १०० लिटरची टाकी द्या. बडोद्याच्या नळाला आजवा तलाव, मही नदी अशा स्रोतांचं पाणी येतं. कुठलंही असो, त्यात क्लोरीन असतं, ते काढणारं औषध घालूनच वापरा. नुसतं आरओचं पाणी नको, क्षार लागतात. प्राणी आणण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टर चालवून टाकी तयार करा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आसपास. चाचणीचं किट ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं.

रंग बघून तब्येत ओळखा

रोजच्या पाहण्यात पुढचं काही दिसलं तर आधी थर्मामीटर बघा, मग पाण्याची चाचणी करा.

- दिवसभर कल्ले फिके, हालचाल मंद: अशक्तपणा किंवा आजार. नुसतं विश्रांतीतलं फिकेपण वेगळं, ते खाताना जातं.
- कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकडेदार: ताण. पाणी गरम, अमोनिया जास्त किंवा फिल्टरचा प्रवाह जोराचा.
- कल्ल्यांवर, जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके: बुरशी.
- पायांवर, पोटावर लाल चट्टे: अमोनियानं कातडी भाजली असेल किंवा रक्तात जंतुसंसर्ग असेल. थांबू नका.
- फिकट प्राण्याचं सगळं अंग पिवळं पडणं: आतल्या अवयवांचा बिघाड असू शकतो. गोल्डनमध्ये मात्र पिवळा हा मूळ रंग.
- गडद प्राणी दोन-तीन दिवसांत विटल्यासारखा होणं आणि जेवण सोडणं: तळ बदललेला नसेल तर आजार समजा.

तातडीचा उपाय म्हणजे क्लोरीन काढलेल्या, थंड, स्वच्छ पाण्याच्या डब्यात वेगळं ठेवणं आणि ते पाणी रोज पूर्ण बदलणं. माशांसाठीची तांब्याची किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं घालू नका, याची कातडी सगळं शोषून घेते. बडोद्याहून चाळीसेक किलोमीटरवर आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उभयचर बघणारा डॉक्टर कोण, हे प्राणी आजारी पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

एक वही ठेवा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. टाकीमागे पांढरा कागद लावला की फोटोतले रंग एकमेकांशी ताडता येतात. फ्लॅश नको, कारण त्याला पापण्या नसतात आणि डोळे मिटता येत नाहीत. फोटोसोबत तारीख, तापमान, काय खाल्लं, किती खाल्लं, कल्ल्यांचा रंग एवढं लिहा. महिनाभरात तुमच्या प्राण्याचा ‘नेहमीचा’ रंग कळतो, आणि तो कळला की बिघडलेला दिवस लगेच लक्षात येतो. मुलांचा हट्ट असेल तर ही वही मुलांकडेच द्या.

वाचक विचारतात

*दोन एकत्र ठेवता येतील का?* सारख्या आकाराचे असतील आणि टाकी मोठी असेल तरच. पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. नर-मादी ठेवली तर एका वेळी शेकडो अंडी होतात, मग नोंदणीचाही प्रश्न येतो.

*हातात घेता येतो का?* नाही. कातडी नाजूक आहे. हलवायचं तर डब्यानं, पाण्यासकट.

*नको झाला तर विश्वामित्रीत सोडला तर?* अजिबात नाही. गरम पाण्यात तो तडफडून मरेल, आणि त्याच्या अंगावरचा रोग आपल्या बेडकांना लागू शकतो. वन विभागाशी बोला.

*मुलाला फक्त बघायचाच आहे, तर?* मग चित्र, पुस्तक, व्हिडिओ पुरेत. बडोद्याला गेलाच आहात तर १८७९ साली सुरू झालेल्या सयाजीबागेतलं प्राणिसंग्रहालय दाखवा. आणि पावसाळ्यात गावच्या ओढ्यातले बेडकाचे डिंभक दाखवायला विसरू नका. पिसासारखे कल्ले, पारदर्शक पोट, अंगावर उमटत जाणारा रंग, यातलं बरंच काही तिथे चार-सहा आठवड्यांत, चिलरशिवाय बघायला मिळतं.